आग्याची नोंद

आमच्या गावाच्या जैवविविधता नोंदवहीत कोकमाचं झाड आहे. परभणी जिल्ह्यात, काळ्या मातीत, जिथं वैशाखात हातपंपाचा दांडा पदर गुंडाळल्याशिवाय धरवत नाही, तिथं कोकम. नुसतं आहे म्हणून थांबले नाहीत, समोरच्या रकान्यात 'विपुल' असंही लिहिलंय. मी परभणीच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतेय आणि माझा जन्म त्याच गावातल्या बौद्धवाड्यातला. त्या गावात मी कोकम एकदाच पाहिलंय, तेही किराणा दुकानात, प्लास्टिकच्या पुडीत.

प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या शिवारातली झाडं, वेली, पाखरं, मासे, कोण कशाला काय म्हणतं, कशाचा काय उपयोग करतं, हे सगळं लिहून ठेवावं असा नियम आहे. नियम चांगला आहे, म्हणून तर राग जास्त येतो. आमच्या गावची वही करायला दोन माणसं जीप घेऊन आली होती म्हणे. पंचायतीच्या कार्यालयात दोन तास बसली, तीनदा चहा प्याली आणि वही झाली. माझा तर्क असा की कोकणातल्या कुठल्यातरी गावाची तयार यादी त्यांच्याजवळ होती. वरचं नाव बदललं, आतलं बदलायचा कंटाळा केला. 'माहिती देणारे' या रकान्यात पाच नावं आहेत. पाचही पुरुष, पाचांचीही शेतं सडकेला लागून. त्यांतल्या एकानंही ओढ्याकाठच्या राईत पाय टाकलेला नाही, हे मी शपथेवर सांगेन. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं वळसासुद्धा कुणी घातला नव्हता.

ही वही माझ्या हातात आली ती आईच्या फोनमुळे. मागच्या भाद्रपदात, गणपती बुडवून दोन दिवस झाले होते, तेव्हा सकाळी शाळेच्या वेळेला तिचा फोन आला. तशी ती वेळ बघून फोन करणारी बाई आहे. वेळ चुकली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

"राईत जेसीबी यायलाय म्हणं," ती म्हणाली. "दसऱ्याला सारं सपाट करायचं आन् म्होरल्या पावसात झाडं लावायचीत."

"झाडं काढून झाडं लावणार?"

"मला काय इचारतीस? शिकलेली तू हायस." मग म्हणाली, "आग्या जाईल, बाई. तुझ्या लेकीच्या झोळीला काय नायलॉन बांधायचं का?"

आता आग्या म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्याच्यावरूनच सगळं झालं.

ताडकळसच्या पुढं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्याच्या वळणावर एक राई आहे. सगळं शिवार उघडं बोडकं, सोयाबीन आणि कापूस, पण त्या वळणावर मात्र उंबर, करंज, जांभूळ, भोकर अशी दाटी. आत भर दुपारी अंधारून येतं. पानांचा कुजका थर घोट्यापर्यंत, माती मार्गशीर्षापर्यंत ओली. त्या सावलीत, ओलीत, उंबरांच्या बुडाशी आग्या उगवतो. पावसात फुटतो आणि दसऱ्यापर्यंत माणसाच्या छातीला लागतो. पान हाताच्या पंज्याएवढं, पंज्यासारखंच फाटलेलं, कडेला करवतीचे दात. आणि देठावर, पानावर, दांड्यावर सगळीकडे काचेच्या सुयांसारखे पांढरे केस. लागला की आग होते, निखारा ठेवल्यासारखी, आणि ती संध्याकाळपर्यंत जात नाही. ओढ्याची ओली चिकणमाती थापली तर जरा उतार पडतो. राईच्या दोनशे पावलं अलीकडे किंवा पलीकडे, उन्हात, तुम्हाला त्याचं एक रोपटं दाखवता येणार नाही. त्याला सावली हवी, ओल हवी आणि कुजलेलं पान हवं. तिन्ही गोष्टी आमच्या शिवारात तेवढ्या एकाच वळणावर शिल्लक आहेत.

गावानं राई सोडून दिली ती त्याच्याच भीतीनं. आमच्या वस्तीतल्या बायकांनी मात्र ती धरून ठेवली. माझ्या लहानपणी जळणासाठी कुणाच्या बांधावरची काटकी उचलली तरी मालक आडवा यायचा, तोंडाला येईल ते बोलायचा. राईत कुणी मागं यायचं नाही. आई म्हणायची, आग्या आपला राखणदार हाय. त्याच्याशी कसं वागायचं हे मला तिनं शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. खालून वर, घट्ट धरायचा. भीत भीत बोट लावलं की डसतो.

आणि झोळी. आमच्या वस्तीत लेक पोटुशी राहिली की दिवाळी झाल्यावर तिची आई किंवा आजी राईत जाते आणि आग्याचे वाळत आलेले दांडे कापून आणते. ते ओढ्यात दगडाखाली आठ-दहा दिवस दाबून ठेवायचे. तेवढ्यात त्याची सगळी आग पाण्यात जाते. मग साल सोलायची, धुवायची, विंचरायची, मांडीवर दोरी वळायची आणि त्या दोरीवर बाळाची झोळी टांगायची. ती दोरी सुतापेक्षा मऊ असते, करकरत नाही आणि तुटत नाही. मी तसल्या दोरीवर निजले, माझी लेक निजली. आता लेकीला पाचवा महिना होता आणि आईनं आषाढातच राईत जाऊन, यंदा आग्या चांगला उगवलाय, असं बघून ठेवलं होतं.

रविवारी मी गावी गेले आणि पंचायतीत जाऊन बसले. ग्रामसेवक तरुण, नम्र, प्रत्येक वाक्याआधी मॅडम म्हणणारा. अशा नम्र माणसांशी भांडणं फार अवघड जातं. त्यानं ती वही माझ्यासमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'ओढ्याकाठी झुडपी तण, मुख्यतः खाजकुयली. निरुपयोगी.'

"मॅडम, खाजकुयली कुठंही येते. त्याच्यासाठी वृक्षलागवडीचं काम कसं थांबवणार?"

"ही खाजकुयली नाहीये. खाजकुयली वेल असते. कुंपणावर चढते, तिला शेंगा येतात आणि त्या शेंगांवरच्या लवेनं खाजतं. पानं बिचारी निरुपद्रवी. हे झाड सरळ उभं वाढतं, याला शेंग नाही, आणि हे खाजत नाही, भाजतं."

"पण त्रास होतो ना? मग गावाच्या भाषेत खाजकुयलीच झाली."

गावाच्या भाषेत! मी त्याला सांगितलं की गावाच्या भाषेत त्याला आग्या म्हणतात, फक्त गावाचा तो भाग तुमच्या वहीत आलेला नाही. तो हसला. तुच्छतेनं नाही, कौतुकानं हसला, आणि तेच मला जास्त लागलं. मग म्हणाला, "दुर्मिळ काही असेल तर तज्ज्ञाचं पत्र आणा. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवू. पत्र नसेल तर मात्र दसऱ्याला काम चालू होणार. वरून तारीख आलीय."

म्हणजे माझ्या हातात पंधरा दिवस होते.

परभणीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत. वनस्पतिशास्त्र शिकवत, जिल्ह्यातलं गवतसुद्धा ओळखतात अशी ख्याती. मी त्यांच्याकडे मोबाइलवरचे फोटो घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो न वाढवताच सांगितलं, "बाई, खाजकुयली असेल."

मी वेलीचं, शेंगेचं सगळं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही सांगताय तसली वनस्पती सह्याद्रीच्या ओल्या जंगलात असते, आपल्याकडे शक्यच नाही. फोटोवरून मी काही सांगणार नाही, नमुना आणा. मी म्हटलं, चला ना, तासाभराचा रस्ता आहे. तर शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं होतं, रविवारी पाहुणे होते, आणि गुडघा दुखत होता तो वेगळाच.

इथं माझी चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. मी विज्ञानाची शिक्षिका. नमुना म्हटल्यावर मला शाळेतल्या वहीत चिकटवलेली पानं आठवली. गावी जाऊन मी आग्याची एक फांदी कापली, वर्तमानपत्रात घातली, त्याच्यावर गव्हाचा डबा ठेवला आणि घाई म्हणून परत काढून कागदावरून इस्त्री फिरवली. चौथ्या दिवशी सरांच्या टेबलावर जे निघालं ते तपकिरी, चुरगळलेलं, सुया मोडलेलं काहीतरी होतं. सरांनी त्यावरून बोट फिरवलं. काहीच झालं नाही. मऊ आवाजात म्हणाले, "रानभेंडीसारखं वाटतंय."

मला रडू आलं. रागानं येतं तसलं. आईला फोन केला तर ती हसली. "आगं, मेलेला आग्या कोण वळकंल? त्या मास्तरला हिकडं आण. त्याची वळख त्योच दील."

मी सरांच्या घरी गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. खोटं कशाला सांगू, मी धरणं धरलं. त्यांच्या बायकोनं मला चहा दिला, पोहे दिले आणि दुसऱ्या चहाच्या वेळी नवऱ्याला म्हणाली, "अहो, जाऊन या की एकदाचं. ह्या काही उठायच्या नाहीत." ग्रामसभेला तेव्हा चार दिवस उरले होते.

सर आले. टोपी, भिंग, खिशात पुस्तक, सगळा सरंजाम. आई पुढं, हातात विळा, पायात चप्पल नाही. राईत शिरलो तसा सरांचा चेहरा बदलला. वर बघत होते, खाली पानांचा थर पायानं उकरून बघत होते. "इतकी ओल कशी राहिली इथं," असं दोनदा म्हणाले. उंबराखाली आई थांबली आणि तिनं नुसती हनुवटी पुढं केली. आग्या फुलावर होता. फुलं म्हणजे काय, हिरवट झुपके, त्यांनाही सुया.

"हात लावू नका सायेब," आई म्हणाली. "लावायचा तर खालून वर."

सरांनी पुस्तकाचं पान उघडलं, एका हातात भिंग घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीनं पानाची कड अलगद उचलली. भीत भीत, वरून. पुढची काही मिनिटं त्यांनी पुस्तकात न सापडणारे शब्द वापरले. आईनं ओढ्यातली माती आणून त्यांच्या बोटाला थापली आणि लहान पोराला धरावं तसा तो हात धरून ठेवला. बोट फुगलेलं, डोळ्यांत पाणी, आणि सर मात्र आनंदानं वेडे झालेले. "खाजोटी! मोठी खाजोटी! इथं! आपल्या जिल्ह्यात मी कधी ऐकली नाही. बाई, ही राई गेली तर ही दुसरीकडे उगवणार नाही हो." खाजोटी हे आग्याचं पुस्तकातलं नाव. ते मला सांगत होते. मी आईकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. पत्र उत्तम होतं. राई का राखावी हे इतकं नेमकं लिहिलं होतं की मला आणखी काही सांगावंच लागलं नसतं. पण सुरुवात अशी होती की, 'सदर परिसरात पाहणी करताना मला ही दुर्मिळ वनस्पती आढळली.' मला! खाली एक ओळ, 'स्थानिक महिलेचे सहकार्य लाभले.' माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. तीन पिढ्या ज्यांनी ते झाड हाताळलं, त्याची दोरी केली, त्याच्या आडोशानं सरपण आणून चुली पेटवल्या, त्या सगळ्याजणी मिळून एक 'स्थानिक महिला' झाल्या. मी आईला ते वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"आढळली म्हणं," ती म्हणाली. "त्याला ती आढळली का तिला त्यो आढळला?"

मी म्हटलं, माय, मी हे पत्र परत देते, बदलून आणते. ती म्हणाली, "उगं ऱ्हा. राई वाचू दे आदी."

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा भरली. पंचायतीच्या ओसरीत सतरंजी, टेबल, वर पंखा. मी पत्र वाचलं. माझ्या शाळेतली मुलं जितपत लक्ष देतात तितपत लक्ष लोकांनी दिलं. वाचून झाल्यावर एक बागायतदार उभा राहिला. वहीत माहिती देणाऱ्यांमध्ये पहिलं नाव ह्याचंच. राईला लागून ह्याचं खालचं शेत आहे, त्यामुळे राई सपाट व्हावी असं ह्याला का वाटत होतं ते सांगायला नको.

"खाजकुयलीचं एवढं काय घेऊन बसायलाव?" तो म्हणाला. "आमी ल्हानपणापसून बगायलाव. कागदावर काय बी लिवतेत."

आणखी दोघे-तिघे बरोबर आहे म्हणाले. ग्रामसेवकानं माझ्याकडे बघून हात उडवले. मी बोलायला उठले, तर आई आधीच उठली होती. ती मागं बायकांत बसली होती आणि तिच्याजवळ झाकलेली बादली होती. पाणी असेल असं मला वाटलं होतं. तिनं बादलीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला हातभर दांडा काढला, टेबलापाशी आली, फडकं सोडलं आणि आग्याचा तो ताजा, हिरवागार दांडा उघड्या नोंदवहीवर आडवा ठेवला.

"तुमी ल्हानपणापसून बगायलाव न्हवं?" ती बागायतदाराला म्हणाली. "मग धरा. खाजकुयली हाय म्हणून धरा हातात."

पंख्याच्या वाऱ्यानं पान हललं तसे ग्रामसेवकानं दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले. सरपंचांनी खुर्ची मागं ओढली. बागायतदार दोन पावलं पुढं आला, हात अर्ध्यावर नेला, त्या सुया बघितल्या आणि तोच हात मिशीवरून फिरवून मागं घेतला. सतरंजीवरच्या बायका हसायला लागल्या, आधी तोंडाला पदर लावून, मग तसंच. आईनं तो दांडा नुसत्या हातानं, खालून वर, घट्ट धरून उचलला आणि बादलीत ठेवला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. राईला हात लावायचा नाही, रोपं लावायची तर गायरानात लावायची, असा ठराव झाला. ग्रामसेवकानं वहीतली ती ओळ खोडली आणि कोकमाच्या खाली जागा रिकामी होती तिथं नवी नोंद लिहायला घेतली. स्थानिक नाव आग्या. जागा, ओढ्याकाठची राई, उंबराखालची ओली सावली. उपयोग, झोळीची दोरी. आईनं एक एक सांगितलं आणि त्यानं लिहिलं. मग शेवटचा रकाना आला.

"माहिती देणारे म्हणून सरांचं नाव घालू," तो म्हणाला. "वजन राहतं."

"पत्र सरांचं आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "माहिती हिची आहे."

"बरं मॅडम, तसं." त्यानं पेन टेकवलं आणि सभेकडे बघितलं. "आजींचं नाव काय हो?"

कुणीच उत्तर दिलं नाही.

मला आधी वाटलं, बाईचं नाव घ्यायला लाजत असतील. मग एकजण म्हणाला, "ही ती, मास्तरीणबाईची माय." दुसरा म्हणाला, "खालच्या वस्तीवरची." मी त्या बागायतदाराकडे बघितलं. चाळीस वर्षं आईनं त्याच्या शेतात खुरपलं, त्याच्या कापसाची वेचणी केली, त्याच्या लेकीच्या लग्नात दोन दिवस भांडी घासली. तो वर पंख्याकडे बघत होता. त्याला माहीत नव्हतं. टेबलाशी बसलेल्या एकालाही माहीत नव्हतं. कोकम विपुल आहे हे त्यांना माहीत होतं.

मी तोंड उघडलं. काय काय बोलणार होते देव जाणे, पण आईनं माझ्या हातावर हात ठेवला. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश. ग्रामसेवकानं लिहिलं. "वाचून दाखीव," ती म्हणाली. त्यानं वाचलं. "मोठ्यानं वाच, मागं ऐकू आलं न्हाई." त्यानं परत वाचलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्याला हवं असेल त्यानं आमच्या गावी यावं, पंचायतीत जाऊन ती वही मागावी आणि कोकमाच्या खालची ओळ वाचावी.